डार्करूम गेली, तिचा नकाशा राहिला

परक्या घरी गेलेल्या माणसाला कोणी चहा करायला सांगितले, तर तो थोडा घुटमळतो. पण अडत नाही. डबे कुठे आहेत हे त्याला माहीत नसते, मात्र चहाला पाणी, साखर, पत्ती आणि दूध लागते एवढे माहीत असते. दोन फडताळी उघडून, एखाद्या डब्यात रवा निघाला तर झाकण परत लावून, तो दहा मिनिटांत चहा गाळतो. याउलट ज्याने जन्मात चहा केलेला नाही त्याच्याकडून ‘वरची फळी, डावीकडून तिसरा डबा’ असे घोकून घेतले, तर त्या एका घरात त्याचा चहा होईलही. घरच्यांनी डबे हलवले की त्याचे ज्ञान संपले.

आपल्याकडे फोटोशॉप हा प्रोग्राम आज सर्रास या दुसऱ्या पद्धतीने शिकवला जातो. ‘फोटोशॉप केलेला फोटो’ हा शब्दप्रयोग मराठीत केव्हाच रूढ झाला. तालुक्याच्या गावी स्टँडसमोरच्या माडीवर या विद्येचे वर्ग चालतात. लग्नाचे अल्बम, निवडणुकीची पत्रके, चौकातले फ्लेक्स, बारशाच्या पत्रिका हे सारे या एका प्रोग्रामच्या दारातून बाहेर पडते, आणि त्यावर हजारो मुलामुलींचे पोट चालते. या मुलांच्या वह्या पाहाव्यात. कंट्रोल-जे, कंट्रोल-टी, कंट्रोल-शिफ्ट-आय अशा पाढ्यांनी त्या भरलेल्या असतात. काय केव्हा दाबायचे ते लिहिलेले असते. का दाबायचे, याला वहीत जागा नसते.

मला वाटते, गफलत इथेच आहे, आणि तिची किंमत ही मुले मोजणार आहेत.

फोटोशॉप पहिल्यांदा उघडणाऱ्याची अवस्था केविलवाणी होते यात शंका नाही. करडा पडदा, डावीकडे चित्रविचित्र खुणांची उभी पट्टी, वर मेनूंची ओळ, उजवीकडे एकावर एक रचलेल्या चौकटी. एका खुणेवर माऊस दाबून धरला की तिच्या पोटातून आणखी चार खुणा निघतात. हे सगळे कोणी आणि कोणत्या हिशेबाने मांडले, असा प्रश्न पडतो. या प्रश्नाला सरळ उत्तर आहे, आणि ते वर्गात पहिल्या दिवशी सांगायला हवे.

१९८७ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात टॉमस नोल नावाचा विद्यार्थी डॉक्टरेटसाठी काम करत होता. मॅकिंटॉशच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दिसाव्यात म्हणून त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याचा भाऊ जॉन हा चित्रपटांसाठी दृश्यचमत्कार घडवणाऱ्या ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ या संस्थेत नोकरीला होता. त्याला या प्रोग्रामचे मोल कळले. दोघांनी तो वाढवला, अ‍ॅडोबी कंपनीने त्याचा परवाना घेतला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती बाजारात आली, तीही फक्त मॅकिंटॉशपुरती. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा तपशील वेगळाच आहे. या भावांचे वडील प्राध्यापक होते, त्यांना छायाचित्रणाचा नाद होता आणि घरात त्यांची डार्करूम होती. मुलांचे हात त्या खोलीत तयार झाले होते.

डावीकडच्या उभ्या पट्टीची कल्पना नोल बंधूंची नव्हे. ती १९८४ च्या मॅकपेंट या प्रोग्राममधून आलेली आहे. बिल अ‍ॅटकिन्सनने तो लिहिला आणि सुझन केअरने त्याच्या खुणा रेखाटल्या. फास, पेन्सिल, खोडरबर, रंगाची बादली या खुणा तेव्हापासून चालत आल्या आहेत, आणि त्या कोणालाही कळतात. पट्टीतल्या कळत नाहीत त्या खुणा डार्करूमच्या आणि छापखान्याच्या आहेत. काठीला लावलेल्या गोळीसारखी एक खूण दिसते. पोरे तिला ‘लॉलीपॉप’ म्हणतात. शेजारी बोटे वळवून भोक केलेला हात दिसतो. पहिलीचे नाव ‘डॉज’, दुसरीचे ‘बर्न’. इंग्रजी शब्दकोश काढून बसलात तर एकीचा अर्थ हुलकावणी देणे आणि दुसरीचा जाळणे. यातून फोटोचे काय करायचे ते कोणाला कळणार?

ज्याने डार्करूम पाहिली आहे त्याला मात्र हसू येईल. लाल दिव्याच्या अंधुक उजेडात एन्लार्जरखाली कोरा कागद ठेवलेला असे. निगेटिव्हमधून प्रकाश खाली पडे, आणि कागदाच्या ज्या भागावर जास्त प्रकाश पडेल तो भाग डेव्हलपरमध्ये जास्त काळा होई. हे उलटे गणित एकदा डोक्यात बसले पाहिजे. एखाद्याचा चेहरा फार काळवंडून येणार असे दिसले, की छायाचित्रकार तारेच्या टोकाला लावलेली पुठ्ठ्याची चकती त्या चेहऱ्यावर धरी आणि तेवढ्या भागाचा प्रकाश काही सेकंद अडवी. चकती सतत हलती ठेवावी लागे, नाहीतर चेहऱ्याभोवती कडा उमटे. हा झाला डॉज. प्रकाशाला चकवले, म्हणून चेहरा उजळला. आणि आकाश अगदीच पांढरेफटक येत असेल, तर दोन्ही हातांचा आडोसा करून, बोटांच्या फटीतून तेवढ्याच भागावर जादा प्रकाश सोडायचा. तो झाला बर्न. प्रकाश जास्त दिला, म्हणून भाग गडद झाला. पट्टीतली गोळी ही ती चकती, आणि वळवलेला हात हा तो हात. हे ज्याला एकदा समजले त्याला डॉजने उजळते की काळवंडते हे पाठ करावे लागत नाही. ब्रश सतत हलता का ठेवायचा आणि जोर कमी ठेवून दोनचार वेळा का फिरवायचा, हेही त्याला कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

याहूनही फसवे नाव आहे ‘अनशार्प मास्क’. फोटो तीक्ष्ण करायची सोय, आणि नावात ‘अस्पष्ट’! नवशिक्या तिच्याकडे पाठच फिरवतो. पण हीसुद्धा जुनी कारागिरी आहे. मूळ निगेटिव्हवरून दुसऱ्या फिल्मवर एक फिकी, मुद्दाम किंचित धूसर ठेवलेली पॉझिटिव्ह प्रत काढायची, ती निगेटिव्हला जोडून दोन्हींमधून मिळून प्रिंट काढायची. धूसर प्रतीमुळे मोठ्या छटांमधला फरक दबतो, पण कडांपाशी ती मूळ चित्राशी तंतोतंत जुळत नसल्याने कडा उठून दिसतात. अस्पष्ट होता तो मुखवटा. चित्र त्यामुळेच स्पष्ट झाले. आता पडद्यावरच्या चौकटीत ‘रेडियस’ नावाची जी सरकपट्टी आहे, ती म्हणजे त्या मुखवट्याची धूसरता किती हवी हे सांगणारी पट्टी. ती फार ओढली की माणसाभोवती पांढरी प्रभावळ का येते, हे यावरून आपोआप कळते. आपल्या किती फ्लेक्सवरचे नेते अशी प्रभावळ मिरवत उभे असतात ते पाहावे. (काहींना ती आवडतही असेल.)

‘क्विक मास्क’ दाबल्यावर चित्रावर चढणारा लाल रंगही असाच वारशाने आलेला. छापखान्यात चित्राचा काही भाग झाकायचा तर पारदर्शक पत्र्यावरची लाल फिल्म धारदार पात्याने कापून वर लावत. माणसाच्या डोळ्याला तिच्यातून खालचे चित्र दिसे. प्लेटसाठी वापरली जाणारी फिल्म मात्र लाल प्रकाशाला आंधळी, त्यामुळे तिच्या लेखी लाल म्हणजे काळेच. झाकलेलेही दिसावे आणि झाकलेलेही राहावे, ही ती सोय. क्रॉपच्या खुणेतले दोन काटकोन म्हणजे फोटोवर ठेवून चौकट ठरवायचे पुठ्ठ्याचे दोन तुकडे. एकूण, डार्करूम आणि छापखान्याचा चित्रविभाग या दोन खोल्या उचलून काचेमागे ठेवल्या आहेत. खोल्या बंद पडल्या, त्यांचा नकाशा आपण रोज वापरतो, आणि तो कशाचा नकाशा आहे हे वापरणाऱ्याला कोणी सांगत नाही.

म्हणूनच मराठी मुलुखातल्या जुन्या स्टुडिओवाल्यांची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. निगेटिव्हच्या बाजूवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने देवीचे वण भरून काढणारे, प्रिंटवरचे पांढरे ठिपके दोन केसांच्या ब्रशने टिपणारे हे लोक. संगणक आला तेव्हा त्यांतल्या अनेकांना इंग्रजी येत नव्हते आणि माऊस धरताना हात कापत होता. तरीही ज्यांनी धीर धरला त्यांना वाट सापडली, कारण काय शोधायचे आहे हे त्यांना ठाऊक होते. त्यांचे चिरंजीव त्यांच्यापेक्षा दसपट वेगाने बोटे चालवतात. पण चेहऱ्यावर उजेड कोणत्या बाजूने पडला आहे असे विचारले, तर पडद्याकडे पाहतच राहतात.

नकाशा पाठ करण्यात आणखी एक धोका आहे. नकाशा बदलणारा दुसराच कोणी असतो. २००७ च्या आवृत्तीत दोन रांगांची पट्टी एका रांगेची झाली, २०१२ मध्ये करड्या पडद्याचा गडद काळा झाला. हे सोसवले. पण ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीने हातांच्या सवयीलाच हात घातला. तोवर कंट्रोल-झेड दाबले की शेवटची कृती रद्द होई आणि पुन्हा दाबले की परत येई. एकामागून एक पावले मागे जायला आल्टची जोड लागे. आता नुसत्या कंट्रोल-झेडने पावलापावलाने मागे जाता येऊ लागले. बाकी सगळ्या प्रोग्राममध्ये तसेच असल्याने हा बदल मला रास्त वाटतो, जरी ‘आधी-नंतर’ पाहण्याची एक झटपट सोय त्या जुन्या पद्धतीत होती. दुसरा बदल जास्त खोडकर होता. चित्र लहानमोठे करताना प्रमाण टिकावे म्हणून शिफ्ट दाबून धरायचे, हे दोन पिढ्यांना शिकवले गेले होते. नव्या आवृत्तीत प्रमाण आपोआप टिकू लागले, आणि शिफ्ट दाबले की बिघडू लागले! सवयीने शिफ्ट धरणाऱ्याच्या हातून नवरदेव आडवा फुगणार हे ठरलेलेच. प्रमाण म्हणजे काय हे ज्याच्या डोळ्याला कळते तो तत्क्षणी थांबेल. ज्याला फक्त शिफ्ट कळते, त्याचा अल्बम छापून येईल.

आजही अनेक स्टुडिओंत २००२ सालची सातवी आवृत्ती चालताना दिसते. ती तिथे कशी पोचली हे बहुधा विचारू नये. २०१३ मध्ये कंपनीने कायमची खरेदी थांबवून मासिक-वार्षिक वर्गणीची पद्धत आणली, हे तिला चिकटून राहण्याचे एक कारण खरेच. दुसरे कारण असे, की ती हलत नाही. डबे जिथल्या तिथे राहतात. मी या लोकांना मागासलेले म्हणणार नाही. कारागिराला आपली हत्यारे जागच्या जागी हवी असतात आणि ती मागणी वाजवी आहे.

मग वर्गात काय शिकवावे? माझ्या मते, पट्टी आणि मेनू बाजूला ठेवून आधी लेअर शिकवावा. नवशिक्याच्या दहांतल्या आठ रडकथा एकच असतात: ‘ब्रश चालत नाही’, ‘खोडता येत नाही’, ‘काहीच होत नाही’. अशा वेळी बहुतेकदा तो भलत्याच लेअरवर उभा असतो, किंवा कुठेतरी कोपऱ्यात एक चिमुकली निवड शिल्लक राहिलेली असते आणि ब्रश इमानाने फक्त तिच्या आतच रंगवत असतो. प्रोग्राम बिघडलेला नसतो. सांगितले तेच करत असतो. ट्रेसिंग पेपरचे ताव एकावर एक ठेवले आणि त्यांतल्या एकाच तावावर लिहिता येते, एवढे चित्र मनात पक्के झाले की उजवीकडच्या चौकटी बोलू लागतात. लेअर १९९४ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत आले. त्याआधी एक चित्र दुसऱ्यावर चिकटवून निवड सोडली, की दोन्ही कायमची एकजीव होत. मागे अनेक पावले जाण्याची सोय तर १९९८ पर्यंत नव्हती. त्या काळात काम केलेला माणूस प्रत्येक पावलाआधी विचार करी, हे सांगताना जुने लोक थोडी फुशारकी मारतात, ती माफ करावी.

सगळा दोष शिकणाऱ्याच्या किंवा शिकवणाऱ्याच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. काही वाटा बांधणाऱ्यानेच लपवून ठेवलेल्या असतात. मराठी माणसाला याचा कडू अनुभव आहे. युनिकोडमध्ये नीट टाइप केलेला मजकूर फोटोशॉपमध्ये आणला की ‘हार्दिक’मधली वेलांटी चुकीच्या अक्षरामागे जाऊन बसे, रफार निसटे, ‘शुभेच्छा’चा पाय मोडून च आणि छ वेगळे होत. उपाय प्रोग्राममध्येच होता, पण कुठे? प्राधान्यक्रमांच्या चौकटीत, ‘टाइप’ या पानावर, ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ अशी एक बारीक गोळी. ती निवडून नवी फाईल उघडली की मराठी मराठीसारखी दिसे. पुढे या पर्यायाला ‘वर्ल्ड-रेडी’ असे आणखीच गूढ नाव मिळाले. चहाला साखर लागते हे ठाऊक असणाऱ्यालाही हा डबा सापडणे कठीण, कारण तो स्वयंपाकघरात नव्हताच, माळ्यावर होता आणि त्यावर दुसऱ्याच जिन्नसाची चिठ्ठी होती. ऑपरेटर मंडळींनी यावर आपला मार्ग काढला. त्यांनी जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांना घट्ट धरून ठेवले. परिणामी मजकूर दिसतो मराठी, पण दुसऱ्या संगणकावर नेला की इंग्रजी अक्षरांचा पाचोळा होतो. एक गोळी माळ्यावर ठेवल्याचा हा खर्च. अलीकडच्या आवृत्त्यांत ही अडचण बरीच कमी झाली आहे, सवयी मात्र तशाच आहेत.

फुकट आणि मुक्त असलेल्या गिम्पची वाटही काही सरळ नव्हती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या दोन विद्यार्थ्यांनी लिहिलेला हा प्रोग्राम १९९६ मध्ये लोकांपुढे आला. त्याच्या पट्ट्या आणि चौकटी कित्येक वर्षे सुट्या खिडक्यांसारख्या पडद्यावर तरंगत असत, आणि एकीमागे दुसरी हरवे. सगळे एका खिडकीत मांडण्याची सोय २०१२ च्या आवृत्तीत आली. त्याच आवृत्तीत ‘सेव्ह’ म्हटले तर जेपीजी मिळेनासे झाले, त्यासाठी ‘एक्स्पोर्ट’कडे जावे लागू लागले. लोक चिडले. या प्रोग्रामचे एक आहे, की त्याचे शब्द कोणालाही बदलता येतात. त्यातली नावे मराठीत करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. फक्त ती शब्दकोशातून करू नयेत. डॉजला ‘हुलकावणी’ म्हणण्यापेक्षा ‘उजळ’ आणि बर्नला ‘गडद’ म्हटले तर स्टुडिओतला पोरगा दुवा देईल.

आता या साऱ्या वाटाच नको, अशी सोय झाली आहे. २०१८ पासून एक बटण दाबले की माणूस पार्श्वभूमीपासून आपोआप वेगळा निवडला जातो. २०२३ पासून तर चौकटीत वाक्य लिहायचे आणि हवे ते चित्रात भरून घ्यायचे. मोबाइलवर याहून सोपे. तासन्‌तास केसांच्या कडा कापलेल्या माणसाने या सोयीला नाके मुरडू नयेत; मीही मुरडत नाही. पण वाट चालताना एक गोष्ट घडत असे. किती करायचे हे करणारा ठरवत असे. वधूचा चेहरा ‘जरा उजळ करा’ ही मागणी डार्करूमच्या काळातही होतीच. तेव्हा चकती किती सेकंद धरायची हे धरणाऱ्याच्या हातात असे, आणि मुलगी ओळखू आली पाहिजे हे भान त्याच्या हाताला असे. एका बटणात ते भान कुठे बसवलेले असते?

वृत्तछायाचित्रांच्या बाबतीत हा प्रश्न जास्त टोकदार होतो. माफक डॉज-बर्न चालेल, चित्रात काही घालणे-काढणे चालणार नाही, असा वृत्तसंस्थांचा सर्वसाधारण दंडक आहे. गंमत म्हणजे पट्टीवर डॉजची गोळी आणि चित्राचा एक तुकडा उचलून दुसरीकडे उमटवणारा शिक्का हे जवळजवळ शेजारी आहेत. मध्ये कुंपण नाही. ऑगस्ट २००६ मध्ये बैरूतवरील बॉम्बहल्ल्यानंतरचा धूर अशाच शिक्क्याने वाढवलेला आढळला, तेव्हा रॉयटर्सने त्या छायाचित्रकाराशी संबंध तोडले आणि त्याची ९२० छायाचित्रे मागे घेतली. एकाच आकाराचे धुराचे लोट ओळीने उभे होते. वाचकांनी ते ओळखले. आणि निव्वळ गडद करणे नेहमी निरुपद्रवी असते असेही नाही. जून १९९४ मध्ये ‘टाइम’ने ओ. जे. सिम्प्सनचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र काळवंडून मुखपृष्ठावर छापले. त्याच आठवड्यात ‘न्यूजवीक’ने तेच छायाचित्र होते तसे छापल्याने फरक साऱ्या अमेरिकेला दिसला आणि गहजब झाला. त्यात काही घातले नव्हते की काढले नव्हते. कोणते हत्यार वापरले यापेक्षा कशासाठी आणि किती, हे प्रश्न मोठे ठरले. ज्याला शॉर्टकटच शिकवले आहेत, तो हे प्रश्न विचारायला शिकणार कुठे? आणि शॉर्टकटचे काम तर यंत्र त्याच्याहून चांगले करू लागले आहे. त्याची नोकरी आधी जाईल, ही भीती मला उगीच वाटत नाही.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त छायाचित्रकार गावी लहानसा वर्ग चालवतात. पहिले दोन दिवस ते संगणक सुरूच करू देत नाहीत. प्रत्येकाच्या हाती एक छापील फोटो देतात आणि यात काय बिघडले आहे ते मराठीत लिहून काढा म्हणतात. उजेड कुठून आला, सावली किती, नजर आधी कुठे जाते. तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून ती खिडकीच्या उन्हात कागदावर धरून दाखवतात. हलती धरली तर सावलीची कड कशी विरते ते पोरांना पाहायला लावतात. तिसऱ्या दिवशी पडदा उघडतो, आणि ‘ती गोळी शोधा’ एवढेच सांगतात. त्यांच्याकडे विद्यार्थी मात्र फार येत नाहीत. समोरच्याच माडीवर ‘पंधरा दिवसांत संपूर्ण फोटोशॉप’ अशी पाटी आहे, आणि तिथे दुपारच्या तुकडीलाही जागा नाही.